वानखडेताईंचं थरथरणारं मशीन

आमच्या मिलच्या स्वागतकक्षात हल्ली एक मोठा फोटो लावलाय. चकचकीत फ्रेम, वर फोकसचा दिवा. फोटोत छोटे शेठ डोक्यावर पांढरं हेल्मेट घालून, एका उंच निळ्या मशीनवर हात ठेवून हसतायत. खाली इंग्रजीत लिहिलंय की पाण्याचा थेंबन्‌थेंब वाचवणं हे आमच्या घराण्याचं स्वप्न आहे. येणारे पाहुणे थांबून बघतात, मान डोलावतात. मी मात्र रोज त्या फोटोसमोरून जाताना दातओठ खाते.

कारण फोटोत मशीन बंद आहे. हे ओळखायला इंजिनियर असावं लागत नाही. मशीनच्या अंगावर काळ्या रेघांचा एक स्टिकर असतो. मशीन चालू असलं की त्या रेघा थरथरून पुसट होतात, आणि किती पुसट झाल्या यावरून ते किती हलतंय ते कळतं. फोटोत एकूण एक रेघ स्वच्छ दिसते आहे, पट्टीने ओढल्यासारखी. म्हणजे फोटो छान यावा म्हणून आधी ते बंद केलं आणि मग त्याच्या कामाबद्दल शाबासकी घेतली. आणि ज्या बाईने ते मशीन भांडून आणलं, भांडून चालवलं, तिच्या पदराचं टोकसुद्धा त्या फोटोत नाही.

शकुंतला वानखडे त्यांचं नाव. गुजराती माणसं त्यांना 'वानखडेबेन' म्हणत, उत्तरेकडचे आणि ओडिशाचे कामगार 'मॅडम' म्हणत, मी 'ताई' म्हणायची. मूळच्या अकोल्याकडच्या. शिक्षणाने केमिकल इंजिनियर. सुरतेला कशा आल्या, घरी कोण कोण होतं, हे मी सांगत बसणार नाही. एकदा मी विचारलं होतं, तर म्हणाल्या, "तुले काय करायचं हाय वं त्याच्याशी? तू तुह्या रंगाचं पाहाय."

रंग म्हणजे माझं खातं. आमची मिल सुरतेजवळच्या सचिन गावाला, औद्योगिक वसाहतीत. साड्यांचं कापड रंगवायचं काम. मी रंगाच्या प्रयोगशाळेत, गिऱ्हाइकाने पाठवलेल्या तुकड्याशी छटा जुळवायची. ताई सांडपाण्याच्या प्लँटच्या प्रमुख. म्हणजे पाणी बिघडवायचं काम आमचं आणि सुधारायचं त्यांचं, असं त्याच मला सुनावायच्या. आणि थट्टेत सुनावायच्या असं मुळीच नाही. आम्ही जांभळ्याची नवी छटा काढली की त्या प्रयोगशाळेच्या दारात उभ्या. "कोण बाई घालते वं हे असलं? सांग तिले, तिच्या साडीचं पाणी मी चार दिवस धुऊन राह्यले!"

सुती साडी, तिच्यावर खाकी एप्रन, पायात गमबूट. असा अवतार मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. आवाज असा की पंपाच्या खोलीतून बोलल्या तरी गेटवरच्या वॉचमनला ऐकू जावं. डब्यात ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. गोड डाळ खाणाऱ्या गावात इतकी वर्षं काढून त्यांनी त्या ठेच्याचं तिखट तसूभर कमी केलं नव्हतं. सकाळी लोचो, सुरतेचा तो वाफवलेला मऊ नाश्ता, मात्र आवडीने खायच्या, आणि रोज त्याच गाडीवाल्याशी तेलावरून भांडायच्या. तो गाडीवाला एक दिवस त्या आल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी चौकशी करायचा.

कामात त्यांचे दोन हट्ट होते. पहिला, कुठल्याही तक्रारीवर, "आधी हात लावून पाह्य, मंग तोंड उघड." पंप गरम झालाय, टाकी फुगलीय, पाण्याला वास येतोय, काहीही सांगा. सांगणाऱ्याने हात लावलेला नसेल तर त्याची खैर नाही. दुसरा हट्ट एका शब्दाबद्दल. रंगाचं पाणी बऱ्याच पायऱ्यांनी शुद्ध होत होत शेवटी बारीक चाळणीच्या पडद्यांतून, मेम्ब्रेनमधून, दाबाने ढकलतात. चांगलं पाणी पलीकडे जातं, ते आम्ही परत वापरतो. अलीकडे उरतं ते मीठ, रंग आणि सगळी घाण एकवटलेलं काळपट दाट पाणी. घरच्या आरओतूनही असं पाणी बाहेर पडतं, हे त्याचंच शंभरपट वाईट भावंड. सगळा सचिन त्याला 'रिजेक्ट' म्हणतो. ताईंसमोर तो शब्द उच्चारायची सोय नव्हती.

"रिजेक्ट कोनं केलं त्याले? आपुनच ना? आपलं पाणी म्हना."

आणि खरोखरच प्लँटवरचे कामगार 'अपना पानी' म्हणायला लागले होते.

या 'आपल्या पाण्या'चं पुढे काय होतं, हा प्रश्न मिलमध्ये कुणी विचारत नसे. उत्तर ठरलेलं होतं. टँकर येतो, पाणी भरतो, दुसरीकडे मोठ्या भट्टीवर ते आटवतात, तिथे नेतो. ताईंनी हेच उत्तर बरेच दिवस ऐकून घेतलं. मग त्यांच्या लक्षात आलं की टँकर फारच लवकर परत येतो. भट्टी लांब होती, तिथे रांग असते. एवढ्या लवकर तिथे जाऊन फक्त चहा पिऊन परत यायलाही जमलं नसतं. एक दिवस भर दुपारी त्यांनी डबा स्कूटरला अडकवला आणि टँकरच्या मागे निघाल्या.

परत आल्या तेव्हा मी नळावर काचेची भांडी धूत होते. त्यांच्या गमबुटांना घोट्यापर्यंत काळा चिखल लागला होता. मी बाजूला झाले, त्यांनी पाय नळाखाली धरले.

"खाडीत सोडते वं तो," चिखल धुता धुता त्या म्हणाल्या. "पलीकडे एक बाई म्हशी धूत होती. मले पाहून म्हने, बेन, तमारी मिलनुं पाणी छे? आता मी काय सांगू तिले?"

त्याच अर्धवट धुतलेल्या ओल्या बुटांनी त्या मोठ्या शेठच्या केबिनमध्ये गेल्या. गालिच्यावर काळे ठसे उमटले, ते पुढे कित्येक महिने गेले नाहीत. आत काय झालं ते अख्ख्या मिलने ऐकलं, कारण दार उघडंच होतं. टँकर बंद करा, नाहीतर मी उद्यापासून प्लँटमध्ये पाय ठेवणार नाही, आणि का ठेवत नाही ते विचारेल त्याला सांगेन. मोठे शेठ जुन्या वळणाचे. ते नुसतं "बेन, तमे बहु गुस्सो करो छो" एवढंच म्हणत राहिले. एवढा राग कशासाठी, हेच त्यांना कळत नव्हतं. मला अजूनही याचीच चीड येते. खाडीत विष सोडलं तर ते कामकाज, आणि त्यावर आवाज चढवला तर तो बाईचा स्वभाव!

पण टँकर थांबवायचा तर पाण्याचं करायचं काय? नेहमीचे मेम्ब्रेन त्या दाट पाण्यात टिकत नव्हते. वर घाणीचा थर बसायचा आणि चाळणीची भिंत होऊन जायची. ताईंनी कुठल्याशा प्रदर्शनात एक मशीन पाहिलं होतं. मेम्ब्रेनच्या गोल चकत्या एकावर एक रचून केलेला ढोल, आणि तो अख्खा ढोल एका जाड लोखंडी दांड्यावर उभा. दांडा खालून हलवला की ढोल इकडून तिकडे किंचित वळतो, परत येतो, पुन्हा वळतो, इतक्या भराभर की डोळ्याला नुसती थरथर दिसते. घाण पडद्यावर बसूच शकत नाही. पाणी पार होत राहतं. शेवटी इतकी कमी घाण उरते की ती आमच्याच छोट्या भट्टीत आटवता येते. टँकरची गरजच नाही.

हे त्यांनी मोठ्या शेठना समजावलं ते पिठाच्या चाळणीने. खरोखर घरून चाळण घेऊन आल्या होत्या. केबिनमध्ये टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चाळणीत कणीक घातली आणि चाळण तशीच धरून ठेवली. "पडून राह्यली का?" मग हलवली. शेठच्या टेबलावर पिठाचा ढीग. "आता पडली ना? एवढंच हाय शेठ. आ मशीन ध्रूजवा माटे ज छे."

थरथरण्यासाठीच आहे हे मशीन, असं त्यांच्याच गुजरातीत ऐकून शेठ हसले. मशीन आलं.

ते चालू झालं तेव्हा ताईंनी दुपारचा डबा मशीनशेजारी बसून खाल्ला. ढोलावर तळहात ठेवून त्या मला म्हणाल्या, "दिवसभर मान हालवून नाई-नाई म्हनते पाह्य. माह्यासारखीच हाय." मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. टँकर येईनासा झाला. म्हशीवाल्या बाईला जाऊन सांगून आल्या की आता आमचं पाणी येणार नाही.

आता कनुभाईंबद्दल सांगायला हवं. कनुभाई आमचे मुख्य मिस्त्री. सगळी हयात सुरतेच्या लूम म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यांत गेलेली. मशीनच्या नुसत्या आवाजावरून कुठली बेअरिंग गेलीय ते सांगणारे. माणूस सरळ, कामात हुशार. पण लूमवर वाढलेल्या मिस्त्रीच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली असते: मशीन थरथरतंय म्हणजे ते आजारी आहे. पाया ढिला झालाय, बोल्ट सुटलाय, काहीतरी झिजलंय. थरथर दिसली की पाना घ्यायचा आणि आवळायचं. ते निळं मशीन बघून कनुभाईंना रोज त्रास व्हायचा. मशीन धड असेल तर ते थरथरत नाही, असं ताईंना ते दोनदा म्हणालेही, "बेन, मशीन बराबर होय तो ध्रूजे नहीं." ताईंनी त्यांना चाळण दाखवली नाही. नुसतं झापलं.

ताई भाचीच्या लग्नाला अकोल्याला गेल्या. नेमके त्याच दिवसांत परदेशी गिऱ्हाइक यायचं होतं. एव्हाना मोठ्या शेठची तब्येत बिघडून कारभार छोट्या शेठकडे आला होता. छोटे शेठ शिकून आलेले, बोलायला गोड. प्लँटमध्ये चक्कर मारताना ते कनुभाईंना म्हणाले, ही धडधड पाहुण्यांसमोर बरी दिसत नाही, काहीतरी करा. कनुभाईंना एवढंच हवं होतं. त्यांनी ढोलाच्या चारी बाजूंनी लोखंडी अँगल लावले, जमिनीतल्या प्लेटला वेल्डिंग केलं, मोटरचा वेगही कमी केला. मशीन गप्प झालं. वर कनुभाईंनी नारळ फोडला.

पंप चालूच होता. घाण दाबाने येत राहिली आणि न हलणाऱ्या चकत्यांवर बसत राहिली. ताई परत येईपर्यंत ढोलात काळ्या चिखलाच्या वड्या झाल्या होत्या.

त्या लग्नाचे लाडू घेऊन आल्या होत्या. कनुभाई हौसेने पुढे आले. "बेन, जुओ, एकदम शांत करी दीधुं." ताईंनी लाडवाचा डबा माझ्या हातात दिला आणि ढोलाला हात लावला. मला वाटलं आता स्फोट होणार. तसं काही झालं नाही. त्या कनुभाईंकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, "कनुभाई, अवो पाय बांधून पळायला लावलं तुमी तिले." आणि डोळ्याला पदर लावला.

यापुढचं आठवलं की माझं डोकं अजून तापतं.

मेम्ब्रेन गेले. त्यांचा दुसरा संच स्टोअरमध्ये होता, अँगल कापले की पुन्हा सुरू करता आलं असतं. पण छोट्या शेठना यात सोय दिसली. मशीन चालवायला वीज लागते, धुवायला रसायनं लागतात, आणि टँकर स्वस्त. प्रदूषण खात्याचे अधिकारी पाहणीला यायचे होते. छोट्या शेठनी ताईंना बोलावून गोडीत सांगितलं: आपलं पाणी इतकं खराब आहे की त्यावर हे तंत्र चालत नाही, असं तुम्ही त्यांना सांगा. तुम्ही तज्ज्ञ, तुमचं ऐकतील. मग टँकरला परवानगी मिळते, आणि झालेल्या नुकसानाबद्दल आम्हीही तुम्हाला काही विचारणार नाही. म्हणजे बांधलं यांनी, बिघडवलं यांनी, आणि वर माफही हेच करणार! ज्या बाईने ते आणलं तिनेच ते निकामी आहे असं सांगायचं.

बैठकीला मी हजर होते, पाण्याचे नमुने घेऊन. दोन अधिकारी, छोटे शेठ, एक सल्लागार. सल्लागारांनी बराच वेळ इंग्रजीत सांगितलं की हे तंत्र भारतीय परिस्थितीला अनुकूल नाही. मग छोटे शेठ म्हणाले, आमच्या मॅडमही हेच सांगतील.

ताई उभ्या राहिल्या. हिंदीतच बोलल्या, पण ती त्यांची हिंदी.

"साहेब, मशीन खराब नहीं है. मशीन को बांध के रखा है. बाहेर चलो, हात लगा के देखो, मग तोंड उघडा."

अधिकारी एकमेकांकडे बघायला लागले. छोटे शेठ हसून म्हणाले, मॅडम जरा भावुक झाल्यात. सल्लागारही हसले. ते हसणं मी विसरणार नाही. एवढी शिकलेली बाई, आयुष्य या पाण्यात घातलेली, आणि तिचं म्हणणं भावुक! मग एका अधिकाऱ्याने विचारलं, बांधलं कोणी? दाराशी कनुभाई उभे होते. ते पुढे आले.

"मैंने बांधा, साहब. मुझे लगा बीमार है. बेन की कोई गलती नहीं."

छोट्या शेठच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. अधिकारी प्लँटमध्ये गेले, अँगल पाहिले, आणि मशीन चालू करून दाखवा, तोवर टँकरचं नाव काढू नका, असं सांगून निघून गेले. कनुभाईंनी स्वतःच्या हाताने ग्राइंडरने ते अँगल कापले. ताई शेजारी उभ्या राहून त्यांना शिव्या देत होत्या, आणि ठिणग्या त्यांच्या साडीवर येऊ नयेत म्हणून कनुभाई मधे उभे राहून कापत होते.

त्यानंतर ताई निवृत्त होईपर्यंत मशीन चाललं. आपोआप नाही. छोटे शेठ म्हणत, पाहुणे आले की चालवा, एरवी कशाला? ताई म्हणत, शोकेसमधली बाहुली हाय का ते? कधी विजेचं कारण निघे, कधी रसायनांची ऑर्डर अडकून पडे. प्रत्येक वेळी त्या गमबुटांसकट केबिनमध्ये. निवृत्तीचा दिवस जवळ आला तशा त्या मला सारखं म्हणायला लागल्या, "मी गेल्यावर बंद पाडतील वं हे. लिहून घे." बाकी कशाची त्यांना चिंता नव्हती. पेन्शनचीही नाही.

निरोप समारंभ प्लँटमध्येच ठेवला होता. छोट्या शेठची कल्पना. बेनच्या लाडक्या मशीनजवळच करू. मंडप, खुर्च्या, माईक, झेंडूच्या माळा. ताईंना मधल्या खुर्चीवर बसवलं, शाल पांघरली, गळ्यात माळ घातली, हातात श्रीफळ दिलं. छोटे शेठ बोलायला उभे राहिले, पण मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना. त्यांनी इलेक्ट्रिशियनला खूण केली. मशीन बंद झालं.

मग त्यांनी भाषण केलं. पाणी म्हणजे आई, वानखडेबेन म्हणजे आमच्या परिवाराचा आधार, त्यांचं कार्य आम्ही असंच पुढे नेऊ. लोक टाळ्या वाजवत होते. मी ताईंकडे बघत होते. त्या शेठकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर मंडपाच्या कनातीच्या फटीतून पलीकडे लागली होती. मी वाकून पाहिलं. पलीकडे टँकर उभा होता. त्याचा पाइप टाकीला जोडून एक माणूस व्हॉल्व्ह उघडत होता. निवृत्तीचा दिवस अजून मावळला नव्हता. बाईच्या खांद्यावर शाल टाकायची आणि तिच्या पाठीमागे टँकर लावायचा! एका दिवसाचीही कळ या माणसांना काढवली नाही!

ताई उठल्या. भाषण चालू होतं. श्रीफळ खुर्चीवर ठेवलं, शाल तशीच खांद्यावर. कनात बाजूला सारून त्या गेल्या, टँकरवाल्याचा हात धरून बाजूला केला आणि व्हॉल्व्ह बंद केला. मग परत आल्या, सगळ्यांच्या समोरून, छोट्या शेठच्या माईकपुढून, आणि मशीनचं बटण दाबलं. ढोल थरथरायला लागला. शेठचं तोंड हलत होतं, शब्द एकही ऐकू येत नव्हता. इलेक्ट्रिशियन बटणाकडे निघाला, तर कनुभाई खुर्चीवरून उठून पॅनलसमोर हाताची घडी घालून उभे राहिले. मग प्लँटचे दोघे-तिघे कामगारही त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

छोट्या शेठनी माईक खाली ठेवला. जेवणाच्या पंगती तशाच त्या आवाजात उठल्या. कुणाला कुणाशी बोलता येईना. ताई कुठेच दिसेनात म्हणून मी शोधायला गेले, तर त्या गेटवर होत्या. वॉचमनला फाटक उघडायला लावलं होतं आणि टँकरवाल्याला हाताने मागे ये, अजून मागे ये, असं दाखवत होत्या. शाल एका खांद्यावरून लोंबत होती, माळेतला झेंडू रस्त्यावर गळत होता. टँकर पूर्ण बाहेर पडून रिकामाच हायवेला लागेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.